गाडी पोचल्यावरची काळजी

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी सांगोल्याहून कॉलेजसाठी सोलापूरला आले आणि दादाकडे राहू लागले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वेणीमाधव. मालगाडीवर गार्ड होता. स्टेशनच्या मागच्या अंगाला रेल्वेच्या दगडी क्वार्टर्सच्या रांगा होत्या, त्यातलं एक घर त्याला मिळालेलं. पुढे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि सगळ्यावर कोळशाची बारीक काजळी. धुतलेलं पातळ वाळत घातलं की त्यावरही ती बसायची. सुरुवातीला मी वैतागायचे. आता कधी वाफेच्या इंजिनाचा फोटो जरी पाहिला, तरी तो वास नाकात येतो आणि त्या अंगणात जाऊन बसावंसं वाटतं.

त्या घराचा जीव म्हणजे रुक्मिणीवहिनी. माहेर पंढरपूरचं, वडील शाळामास्तर. उंच, सडपातळ, चालणं भरभर. मला ‘वन्सं’ म्हणायची आणि सख्ख्या बहिणीसारखी वागवायची. मी परीक्षेला निघाले की दारापर्यंत येऊन पेनात शाई आहे का विचारायची. छत्री, रुमाल, पाण्याची बाटली, सगळ्याची आठवण तिलाच. आम्ही हसायचो. दादा म्हणायचा, “आपल्या घरात काळजी करायचं खातं हिच्याकडे आहे. बाकीच्यांनी खुशाल झोपा.”

तिलाही हसू यायचं. त्या दिवसांत यायचं.

शेजारच्या घरात चनबसप्पा राहायचे. ते इंजिन ड्रायव्हर. त्यांची बायको नागव्वा अक्कलकोटकडची. घरात कानडी, आमच्याशी मराठी. तिच्या हातची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आमच्याकडे यायची, आमच्याकडून पुरणपोळी तिकडे जायची. संध्याकाळी दोघी कट्ट्यावर बसून धान्य निवडायच्या. बोलत असायच्या, पण कान रुळांकडे. शिट्टी ऐकून नागव्वा सांगायची, “आमचं माणूस आलं बघ.” आणि सूप उचलून घरात जायची, पाणी तापवायला.

रेल्वे लाइनीतल्या, म्हणजे आमच्या क्वार्टर्समधल्या, सगळ्याच बायका काळजी करायच्या. गाडी कधी येईल याचा नेम नसायचा. कुर्डुवाडीला अडकली, दौंडला थांबवून ठेवली, मध्येच कुठे रुळावर ढोर आलं, असल्या बातम्या रोजच्या. ज्याचं माणूस बाहेर, त्या घरात थोडी चुळबुळ असायचीच. त्यामुळे वहिनीची चुळबुळ कुणाला वेगळी वाटली नाही.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. दादा संपात होता, चनबसप्पाही होते. धरपकड सुरू झाली तसे दोघे गाव सोडून गेले. लाइनीत उरल्या बायका आणि मुलं. क्वार्टर खाली करायला लावणार, अशी आवई रोज उठायची. नागव्वासारखी खंबीर बाईसुद्धा तेव्हा डोळ्याला पदर लावून बसायची.

मला वाटलं, वहिनी आता कोलमडणार. पण झालं उलटंच. तिने अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि आसपासच्या घरांचा स्वयंपाक एकत्र सुरू केला. कुणाकडची ज्वारी, कुणाकडची डाळ. एका दुपारी पोलिसांची जीप येऊन दारात थांबली.

“गार्डसाहेब कुठायत?” हवालदाराने विचारलं.

“घरी नाहीत. कुठे गेले ते सांगून गेले नाहीत,” वहिनी म्हणाली. “ऊन फार आहे. पाणी घेता का?”

त्याने आत डोकावून पाहिलं, पाणी प्यायलं आणि गेला. मी दाराआडून जीप दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. वहिनीने तांब्या विसळून पालथा घातला आणि कणीक मळायला बसली.

संप मिटला. दादा परत आला, काळवंडलेला, दाढी वाढलेली. काही दिवसांनी ड्यूटीवर रुजूही झाला. चनबसप्पा आले. नागव्वाने सगळ्या आळीला शेंगापोळ्या वाटल्या. संकट टळलं होतं. लाइनीतल्या घराघरांतून पुन्हा रेडिओ ऐकू येऊ लागला, आणि सकाळच्या गिरणीच्या भोंग्याबरोबर सगळ्यांचे दिवस जुन्या वळणावर आले.

वहिनीचे मात्र आले नाहीत.

पावसाळा सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. दादा ड्यूटीवरून सुखरूप आला होता. जेवून झोपला होता. वहिनी स्वयंपाकघरात उभी, हात ओट्यावर, नजर कुठेच नाही.

“काय झालं वहिनी?”

“काही नाही गं. परवा पुन्हा कुर्डुवाडीकडे जायचंय ना त्यांना.”

“परवाचं आज काय?”

“तेच तर,” ती म्हणाली. “मलाही कळतं. पण थांबत नाही.”

नागव्वाची काळजी गाडीच्या शिट्टीबरोबर संपायची. वहिनीची गाडी आल्यावरही संपत नव्हती. दादा घरी असला की ती शकूकडे वळायची. शकू दादा-वहिनीची मुलगी, माझी भाची, तिसरीत होती. तिचा घसा बसला की घटसर्प तर नसेल? शाळेची घंटा झाली तरी पोर दिसेना, रस्त्यावर ट्रक होता का? शकू घरी आली की काळजी पंढरपूरला जायची, वडिलांच्या दम्याकडे. तिकडून खुशालीचं कार्ड आलं की माझ्या परीक्षेकडे. एक दार बंद केलं की दुसरं उघडायचं.

तिची झोप उडाली. मानेपासून खांद्यापर्यंत दगड बांधल्यासारखं वाटतं, म्हणायची. मी तेल चोळून द्यायचे, तर हाताला खरंच गाठी लागायच्या. पोट बिघडायचं. आमटी लागायची, दूध उतू जायचं. पूर्वी कधी आवाज न चढवणारी वहिनी शकूवर खेकसायची आणि मग तिलाच जवळ घेऊन रडायची. मधूनच छातीत धडधडायला लागायचं आणि घशाला कोरड पडायची.

दादाने तिला दवाखान्यात नेलं. हृदयाचा कागद काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. शक्तीचं टॉनिक मिळालं. पंढरपूरहून वहिनीच्या आईने अंगारा पाठवला. आमच्या आईने सांगोल्याहून निरोप धाडला की दृष्ट काढा. दृष्ट काढली. दादा म्हणाला, “सिनेमाला जाऊ, मन रमेल.” गेलो. मध्यंतराच्या आधीच वहिनी उठली. घराला कुलूप नीट लागलंय का, या शंकेने तिला बसवेना.

नागव्वा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “तुझी वहिनी लई वाळली की गं. मी पण इचार करते, पण माझा इचार भाकरी थापताना जातो. हिचा जातच न्हाय. हे काय बरं न्हाय बघ.”

मी दादाला सांगितलं. तो चिडला. “अगं, स्वभावच आहे तिचा. लग्न झाल्यापासून बघतोय. संपात कशी उभी राहिली, पाहिलंस ना? जी बाई पोलिसांना पाणी पाजते, ती आजारी कशी असेल?”

हाच प्रश्न वहिनीलाही पडला होता. तीच मला म्हणायची, “सगळं असून मी अशी का करते, वन्सं? देवाने काय कमी केलंय?” आजारापेक्षा तिला त्याची लाजच जास्त वाटत होती.

हळूहळू तिचं बाहेर पडणं आटलं. नवी पेठेतली खरेदी माझ्याकडे आली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला गड्ड्यावर, जत्रेच्या मैदानात, जायचं, ही शकूची वर्षभराची आस. त्या वर्षी गर्दीत पोर हरवेल म्हणून वहिनी गेली नाही आणि तिलाही पाठवलं नाही. शकू दारात उभी राहून लाइनीतल्या मुलींना जाताना बघत होती. हट्ट केला नाही तिने, रडली नाही. “असू दे आई, मला नव्हतंच जायचं,” म्हणाली. आठ वर्षांच्या मुलीचं ते समजूतदार बोलणं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. थंडी होती, म्हणून शकू शाळेतून स्वेटर घालूनच आली आणि घालूनच राहिली. जेवताना डाव्या हाताने चमचा धरला. वहिनीने विचारलं तर म्हणाली, “गंमत.” दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना वहिनी तिचा हात सरळ करायला गेली आणि पोर कळवळली. बाही वर केली. मनगट वांग्यासारखं जांभळं, सुजून दुप्पट झालेलं.

“कधी लागलं?”

“काल. झोक्यावरून पडले.”

वहिनी लगेच उठली. लाकडी पट्टी घेतली, जुन्या धोतराच्या फडक्याने हात पट्टीला बांधला, मला टांगा आणायला पिटाळलं. दादा गाडीवर होता. टांग्यात ती शकूला मांडीवर घेऊन ताठ बसली होती. आवाज शांत, हात स्थिर. संपातली वहिनी मला पुन्हा दिसली.

आमचे नेहमीचे डॉक्टर आता नव्हते, मुलाकडे पुण्याला गेले होते. त्यांच्या जागी त्यांचे भाचे बसायला लागले होते, मैंदर्गी म्हणून. चाळिशीचे, मिशीवाले, बोलायला सावकाश. त्यांनी फोटो काढून आणायला लावला, हाड मोडल्याचं सांगितलं आणि प्लॅस्टर घालायला घेतलं. प्लॅस्टर लिंपता लिंपता शकूशी गप्पा मारत होते.

“एवढं दुखत होतं, तर काल का नाही सांगितलंस आईला?”

शकूने वहिनीकडे पाहिलं, मग खाली. “आई घाबरते म्हणून.”

“ओरडते?”

“नाही. घाबरते. मग तिला झोप येत नाही. मला काही झालं की मी सांगतच नाही.”

डॉक्टरांचे हात क्षणभर थांबले. त्यांनी काम पुरं केलं, शकूला कंपाउंडरबरोबर बाहेरच्या बाकावर बसवलं आणि वहिनीसमोर येऊन बसले. मी उठायला लागले तर वहिनीनेच माझा हात धरून ठेवला.

“ताई, मुलगी काय म्हणाली ते ऐकलंत?”

वहिनीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आख्ख्या सकाळीत ती आत्ता पहिल्यांदा रडत होती.

“मी काही विचारतो. बरोबर-चूक असं काही नाही. काळजी रोज असते?”

“रोज.”

“किती दिवस झाले?”

“संप मिटल्यापासून जास्त. तशी आधीही होती.”

“एकाच गोष्टीची, की बदलत राहते?”

“बदलते. एक संपली की दुसरी येते. काहीच नसलं, तर काहीच कसं नाही, याची भीती वाटते.”

“थांबवायचं म्हटलं तर थांबते?”

“नाही हो डॉक्टर. तेच तर. मला कळतं की उगाच आहे. तरी थांबत नाही.”

मग त्यांनी झोपेचं विचारलं, मानेचं, पोटाचं, चिडचिडीचं. आणि शेवटी विचारलं, “या काळजीपायी काय काय करायचं सोडून दिलंत?”

वहिनी बोटांवर मोजू लागली. “बाजार. देऊळ. कट्ट्यावर बसणं. पोरीला यात्रेला नेणं.” आणि मग हळूच, “आता पोरगीही.”

डॉक्टर म्हणाले, “काळजी सगळ्यांनाच असते. माझी बायको मी घरी पोचेपर्यंत करते. पण कारण गेलं की काळजीनेही जायला पाहिजे. ती महिनोन्‌महिने जात नाही, झोप-जेवण खाते, माणसाला घरात कोंडते, तेव्हा तिला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. हा आजार आहे. पुष्कळांना होतो. वेड नव्हे, देवाचा कोप नव्हे, तुमचा दोष तर मुळीच नव्हे. यावर उपाय आहेत.”

“पण मग संपात मला काहीच कसं झालं नाही?” वहिनीने विचारलं. हा प्रश्न ती कितीतरी दिवस मनात घेऊन फिरत असणार.

“तेव्हा करायला काम होतं, समोर संकट होतं. आज सकाळीही होतं. अशी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. खऱ्या संकटात पाय रोवून उभी राहतात; जे अजून घडलंच नाही, त्याच्याशी मात्र कुठे आणि कसं लढायचं?”

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे एक डॉक्टर येत असत, त्यांच्याकडे त्यांनी चिठ्ठी दिली. टांग्यातून परत येताना वहिनीने शकूला पुन्हा मांडीवर घेतलं. या वेळी तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं होतं.

दादा आला. त्याने शकूच्या प्लॅस्टरवर गाडीचं चित्र काढून दिलं आणि मग चिठ्ठीची गोष्ट ऐकून उभाच राहिला. “वेड्यांच्या डॉक्टरकडे? लाइनीत कळलं तर? शकूचं पुढे लग्न व्हायचंय.”

वहिनी शांतपणे म्हणाली, “तिने मोडका हात माझ्यापासून लपवला. तुमच्यापासून नाही, माझ्यापासून. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी वन्संना घेऊन जाते.”

दादा मुकाट्याने चप्पल शोधायला लागला.

त्या डॉक्टरांनी सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की त्या फक्त आधाराच्या आहेत, मनाने वाढवायच्या नाहीत. दर आठवड्याला ते तिला बोलतं करायचे. श्वास सावकाश सोडायला शिकवलं. सोडलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा धरायला लावल्या. आधी नागव्वाबरोबर भाजी मंडईपर्यंत, मग एकटीने. दादाची गाडी कुठवर आली हे विचारायला स्टेशनवर कुणाला तरी पाठवायची तिला सवय होती, ती बंद करायला सांगितली. आणि आम्हालाही एक गोष्ट शिकवली. “काही होत नाही, काही होत नाही” असं तिला दिवसभर सांगत राहायचं नाही. त्याने घटकाभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन येते. त्याऐवजी म्हणायचं, “भीती वाटतेय ना? वाटू दे. चल, शेंगा फोडू.”

हे सगळं लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा गाडीला उशीर झाला आणि तिने स्टेशनवर निरोप पाठवायचा नाही असं ठरवलं, त्या संध्याकाळी ती अंगणात फेऱ्या मारत होती आणि तिच्या पाठीला घामाने चोळी चिकटली होती. नागव्वा येऊन तिच्याबरोबर फेऱ्या मारू लागली. नुसत्या दोघी, कडुनिंबाखालून दारापर्यंत, दारापासून कडुनिंबापर्यंत. दादा आला तेव्हा वहिनी दमून कट्ट्यावर बसली होती. “आज मी विचारायला पाठवलं नाही,” एवढंच म्हणाली. दादाने हातातला दिवा खाली ठेवला आणि तिच्याशेजारी बसला. वाफाळलेल्या इंजिनाचा, तेलाचा, घामाचा वास घेऊन तसाच. लाइनीत चारचौघांदेखत बायकोशेजारी कट्ट्यावर बसलेला दादा मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

आजार एकदम गेला नाही. दोन पावलं पुढे, एक मागे असंच चालायचं. तिचे वडील वारले तेव्हा ती पुन्हा खचली, पण या वेळी कुणी सांगायची वाट न पाहता स्वतःच डॉक्टरांकडे गेली. शकूची सहल नळदुर्गला निघाली तेव्हा तिने दशम्या बांधून दिल्या, हात हलवला, आणि दिवसभर घरातली सगळी भांडी घासून काढली. संध्याकाळी शकू आली, गुडघा खरचटलेला. दारातूनच ओरडत आली, “आई, मी पडले, बघ केवढं लागलंय!” वहिनी हसली. हळद लावता लावता तिने दोनदा गुडघा वाकवून पाहिला, तरी ती हसत होती.

माझं लग्न सत्त्याहत्तरमध्ये झालं आणि मी बार्शीला गेले. दिवाळीला सोलापूरला आले की तेच अंगण, तोच कोळशाचा वास, नागव्वाची हाक. एका वर्षी गेले तर वहिनी बाहेर निघायच्या तयारीत. बरोबर एक कोवळी मुलगी, डोळ्यांखाली काळं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. इंजिनात कोळसा घालणाऱ्या, नव्यानेच लाइनीत आलेल्या एका फायरमनची बायको, बसम्मा.

“हिला झोप लागत नाही,” वहिनी चपला घालत मला म्हणाली. “घरचे म्हणतात, नवीन आहे, रुळेल. मीही तसंच समजले आधी. पण सहा महिने झाले, अजून जेवण जात नाही तिला. मैंदर्गी डॉक्टरांना दाखवून आणते.”

बसम्मा मोडक्या मराठीत म्हणाली, “अक्का, मला लई भ्या वाटतं. डॉक्टर काय म्हणतील की.”

“काय म्हणायचंय? चार प्रश्न विचारतील. खरं खरं सांग, म्हणजे झालं.” वहिनीने तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. “मी आहे बाहेर बाकावर. सावकाश ये.”

आणि त्या दोघी फाटकातून बाहेर पडून उन्हात स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. वहिनीने आज आपली चाल तिच्यासाठी हळू केली होती.